बेटावरच्या देवीची ओटी

फैलका बेटाची बोट सकाळी सुटते, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी इथल्या समुद्रावर धुकं असतं, हे कुवेतमध्ये इतकी वर्षं काढून मला ठाऊक नव्हतं. कळणार तरी कसं? हे इस्पितळाच्या एक्स-रे विभागात, मुलगी शाळेत, मी घरात. समुद्र म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी फिंतासला डबा घेऊन बसायची जागा, एवढंच. त्या समुद्रात एक बेट आहे, बेटावर ग्रीक लोकांनी गाव वसवलं होतं आणि त्या गावाला देवी होती, हे मला कळलं ते हे रिटायर झाले म्हणून. रिटायर झालेला माणूस एक तर स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं उघडून बघतो, नाहीतर म्युझियममध्ये जातो. मीच म्हटलं, तुम्ही म्युझियममध्ये जा.

तर एकदा मलाही घेऊन गेले. तिथे एक मोठी शिळा आहे, बारीक अक्षरांनी भरलेली. मी इंग्रजी अक्षरं औषधांच्या खोक्यांवरून शिकले, ही तर त्याहून वेगळी. हे म्हणाले, ही ग्रीक. जग जिंकायला निघालेला तो ग्रीक राजा होता ना, त्याने म्हणे त्यांच्याकडच्या एका बेटावरून ह्या बेटाचं नाव ठेवलं, इकारोस. पुढे त्याच्या लोकांनी तिथे कोट बांधला, आत देवळं बांधली. जुन्या लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की बेटावर देवीचं ठाणं होतं, आणि तिथल्या शेळ्या नि हरणं देवीच्या नावाने सोडलेली असत. शिकारीसाठी कोणी हात लावायचा नाही.

मी म्हटलं, "म्हणजे आपली देवराईच की."

"तसंच काहीतरी," हे म्हणाले. "आणि ती देवी बाळंतिणींची राखणदारही होती."

हे ते सहज बोलून गेले, आणि पुढच्या कपाटातली मातीची बाहुली बघायला लागले. माझ्या मनात मात्र ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. कारण आमच्या लेकीला तेव्हा सहावा संपत आला होता.

आता हे नीट सांगायला हवं. आम्ही दोघं लेकीकडे जाब्रियाला राहतो. ती नर्स आहे. मागच्या खेपेला सातव्यात तिची ओटी भरली, तर काय थाट केला होता आम्ही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, तिच्याबरोबरच्या मल्याळी नर्सा, फिलिपिनो नर्सा, सगळ्यांना पुरणपोळी. आठव्यात एक दिवस पोटातलं हलेना. ती स्वतःच ड्युटीवरून खाली जाऊन तपासून आली. घरी आल्यावर तिने ती हिरवी साडी घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, ही मला पुन्हा दिसू नये."

ह्या खेपेला तिने आधीच सांगितलं होतं. "ओटी नाही, फुलं नाहीत, फोटो नाहीत. प्लीज आई, नथिंग." विमानाने जायला डॉक्टरांची मनाई, त्यामुळे गावच्या देवीकडेही जाता येईना. आमच्या दापोलीकडे सातव्यात देवीची ओटी भरल्याशिवाय लेकीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. मला दोन्हीकडून भीती. भरली तर मागच्यासारखं होईल, नाही भरली तर देवी विचारील, मला विसरलीस काय. रात्री कूस बदलत पडले की त्या बेटावरच्या शेळ्या दिसायच्या, पांढऱ्या, दगडांवर उभ्या.

शेवटी मी भाभीला फोन केला. भाभी म्हणजे माझी मैत्रीण, रत्नागिरीकडची मुसलमान, फिंतासला तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे. तिचा बाप तांडेल होता, होडी हाकणारा, म्हणून बोट म्हटलं की तिला येतेस का विचारायची गरज नसते. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "वैनी, तुमची देवी इथं पण पोचली? व्हिजा कुणी दिला तिला?"

"ती आमची नाही, ग्रीकांची."

"मग तिला मराठी कळंल काय?"

"तांदूळ कळतील."

"तो बी बासमती दिलास तर कळंल," म्हणाली, आणि दुकानातला नारळ घेऊन आली.

ट्रंकेत एक खण होता, कोरा, जपून ठेवलेला. त्यात पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. लेकीला सांगितलं, भाभीबरोबर सहलीला जाते. ते खोटं नव्हतं.

बोटीत वाऱ्याने डोक्यावरचा पदर राहीना. किनारा मागे गेला, उंच इमारती धुक्यात विरघळल्या, आणि पुढेही काही दिसेना. पाण्याचा नि आभाळाचा रंग एकच, शिळ्या दुधासारखा. मला वाटलं आपण कुठे जातोय असं नाहीच, कुठेतरी थांबलोय आणि बेटच हळूहळू आपल्याकडे येतंय. भाभी शेजारी बसून बापाच्या होडीच्या गोष्टी सांगत होती, निम्म्या ऐकल्या, निम्म्या इंजिनात गेल्या.

बेटावर आधी दिसतं ते आताचं गाव. नव्वद सालच्या लढाईच्या वेळी माणसं गेली ती पुन्हा राहायला आली नाहीत. घरं उभी आहेत, भिंतींना गोळ्यांची भोकं, खिडक्यांतून आभाळ दिसतं. एका घरात न्हाणीतल्या निळ्या टाइल्स अजून लखलखीत होत्या. मी तिथे जरा रेंगाळले. कुणीतरी बाई त्या रोज पुसत असणार. आणि तिथून थोडं चाललं की ग्रीकांचा कोट. तोही तसाच, माणसं उठून गेलेली. मधे दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत, पण चालायला दहा मिनिटं लागतात.

कोट म्हणून काही भव्य मनात आणू नका. कमरेएवढ्या भिंती, भोवती खंदक बुजत आलेला, आत खोल्यांचे चौकोन एकाला एक चिकटून. आधी सैनिकांसाठी बांधला, मग लोकांनी आत घरं घातली, बिऱ्हाडं वाढली, वाटा अरुंद झाल्या. आमचं पहिलं घर बनेद अल-गारला होतं, तिथे आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं एका न्हाणीवर होती, त्याची आठवण झाली. देवळाची मात्र जागा कुणाला विचारावी लागली नाही. समोर, उगवतीकडे, चौकोनी ओटा होता. देवळासमोर आपल्याकडे तुळस किंवा दीपमाळ असते तिथेच. ह्यांनी सांगितलं होतं की खांबांची बुडं इराणी घाटाची आणि माथे ग्रीक. मनात म्हटलं, बाई, तूही इथे परक्या मुलुखात मिळेल ते घेऊन संसार मांडलास.

दोरी बांधलेली होती. मी वाकून हात लांब केला आणि त्या ओट्याच्या कडेला खण ठेवला, वर नारळ. नाव जिभेवर बसत नव्हतं, म्हणून नुसतं "आई" म्हटलं. लेकीचं मूल रडत बाहेर येऊ दे, एवढंच मागितलं. रडत म्हटलं मुद्दाम.

भाभी किनाऱ्याकडे फिरायला गेली, मी भिंतीला टेकून उन्हात बसले. धुकं निवळलं होतं, दगड ऊबदार झाले होते. डोळा लागला असावा. त्या चौकोनांतून बायका येत होत्या, एकेक हात कमरेवर ठेवून, जडावलेल्या चालीने, पायांत शेळ्या घुटमळत होत्या. ओट्यापाशी येऊन प्रत्येक बाई काहीतरी ठेवी, आणि रिकामे हात घेऊन तशीच उभी राही. कशासाठी उभ्या आहेत ते स्वप्नातही मला कळलं. ओटी भरली की पुजारी त्यातले मूठभर तांदूळ परत आपल्या पदरात घालतो. ते मिळेपर्यंत निघायचं नसतं. आणि इथे पुजारीच नव्हता.

"अम्मा." मी दचकून उठले. समोर पहारेकरी, पिकल्या मिशांचा, डोक्याला मफलर. बांगलादेशचा असावा. त्याच्या हातात माझा खण, माझा नारळ.

"अम्मा, ये इधर नहीं रखना. मुदीर देखेगा तो मेरे को बोलेगा."

मुदीर म्हणजे साहेब. देवीने ओटी नाकारली, ह्यापलीकडे दुसरा विचारच आला नाही. मी नुसती खणाकडे बघत राहिले. तो बिचारा ओशाळला. त्याने खणावरची वाळू फुंकली, गाठ सुटत होती ती बांधली, आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. हातांनी घ्यायचं सोडून मी पदर कधी पसरला, माझं मला कळलं नाही. सवय.

त्याने नारळ, खण सगळं पदरात ठेवलं आणि म्हणाला, "घर में बच्चा आने वाला है? हमारे गाँव में भी माँ लोग ऐसा करती हैं." आणि गेला आपल्या खुर्चीकडे.

परतताना बोटीत मी पदर पोटाशी धरून बसले. भाभी म्हणाली, "तोंड काय पाडलंस गो?"

"परत केलं तिने."

"तुमच्या गावच्या देवळात बामण काय करतो?"

"मूठभर परत देतो."

"आनि हिनं आख्खी दिली, तर तू रडतंस. सातव्यात आमच्यात पन ओटी भरतात, मला काय शिकवतंस. जा, पोरीला दे तिची."

घरी आले तर लेक ड्युटीवरून येऊन चहा घेत होती. खण ओट्यावर ठेवला, तर वाळू सांडली.

"ही वाळू कुठली, आई?"

खोटं बोलायला सुचलं नाही. सगळं सांगितलं, शेळ्यांपासून मफलरपर्यंत. ती कपाकडे बघत ऐकत होती.

"सगळं परत दिलं त्याने?"

"सगळं. सुपारीसकट."

"ही वॉज जस्ट डुइंग हिज जॉब, आई."

"हो गं, मी कुठे नाही म्हणते."

हे दारात आले होते, हातात लाडवाच्या डब्याचं झाकण. मग तिने कप बाजूला ठेवला आणि युनिफॉर्मच्या सदऱ्याचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरून पसरलं.

"हिरवं काही नको," म्हणाली. "नुसते तांदूळ."

पाच मुठी मोजून घातल्या. तांदूळ थोडे खाली सांडले. ते ह्यांनी वाकून वेचले.

ते तांदूळ मी वेगळ्या डब्यात ठेवले, कुणाला हात लावू दिला नाही. नववा भरला आणि नात झाली, इतकी रडली की तिकडच्या नर्सा हसायला लागल्या. चौथ्या दिवशी घरी आल्यावर त्यातलेच मूठभर तांदूळ घेऊन बाळंतिणीला गुरगुट्या भात केला, तूप घातलं. तीनदा धुतले होते. तरी दुसऱ्या घासाला कचकन आवाज झाला.

"राहिली वाटतं वाळू. दे, दुसरा करते," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. पोर मांडीवर झोपली होती. ती धक्का लागू नये म्हणून सावकाश चावत राहिली.