शिवी नाही, टोमणा चालेल

दादा इंजिनिअरिंगला गेला आणि आमच्या घरात रविवारी सकाळी तलवारी चालू लागल्या. खऱ्या नव्हेत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि कुणाचं काय होणार अशी शंका आली की फासे टाकायचे, असा तो खेळ. गोष्ट दादा सांगायचा. खेळायला त्याचे दोन मित्र आणि बारावीचा अभ्यास सोडून मी. मला क्लासशिवाय एकटीला कुठे सोडत नसत. माझी तलवारबाज बाई मात्र बंदराबंदरांतून हिंडायची, छपरांवरून उड्या मारायची आणि कुणाला विचारायची नाही. माझा तिच्यावर फार जीव होता.

खेळाचे नियम म्हणजे दादाने पुण्याहून आणलेली जाडजूड झेरॉक्स. त्यात सगळ्याला कोष्टक. एकदा माझ्या बाईने गच्चीवरून घोड्यावर उडी मारली, तर गच्चीची उंची, बुटांचं वजन, घोड्याचा स्वभाव असं सगळं बघून होईपर्यंत पोहे गार झाले. एव्हाना घोडासुद्धा निघून गेला असेल, असं मी म्हणाले. दादा चिडला, पण पुढच्या रविवारी सायबर कॅफेतून दुसरे नियम छापून घेऊन आला. हे अगदीच चार पानी. त्यात एक गंमत होती. वार करताना समोरच्याला झोंबेल असं काही बोललं, तर एक फासा जास्त मिळायचा.

जाडे नियम की बारीक, यावर भांडण जुंपलं. मी अर्थातच बारीक नियमांच्या बाजूने. दादाचा एक मित्र भारी हिशेबी, त्याला कोष्टकांशिवाय चैन पडेना. शेवटी दादाने तोडगा काढला. बारीक नियमांनी एक द्वंद्व खेळून बघायचं, आईचा चहा व्हायच्या आत ते संपलं तर तेच नियम पक्के.

"पण लुटुपुटूचं नाही हं," तो म्हणाला. "मरेल तो मेला."

मी लगेच हो म्हणाले. बोलण्यात मला हरवणारं त्या खोलीत होतं कोण?

माझ्यासमोर उभा राहिला दादाचा दुसरा मित्र, मखमलाबादच्या मळेवाल्यांचा मुलगा. खेळात तो आरमाराचा कप्तान. आमची गाठ पुलावर पडली. त्याने तलवार उपसली आणि ओरडला, "थांब सटवे, आज तुला सोडत नाय!"

"ही शिवी झाली," दादा म्हणाला. "शिवीला फासा नाही. टोमणा पाहिजे."

"फरक काय त्यात?"

"शिवी अरे-तुरेत देतात. टोमणा अहो-जाहोत."

हे मला नव्याने शिकायचं नव्हतं. आमच्या घरात कुणी शिवी देत नसे. आत्या जेवायला आली की आई तिला तिसऱ्यांदा भात वाढताना म्हणायची, "घ्या हो, तुम्ही कुठे काही खाता!"

मी आवाजात मध घातला. "तलवार छान आहे हो तुमची, कप्तानसाहेब. अगदी कोरी राहिलीये."

हिशेबी मित्र फिसकन हसला. मला जास्तीचा फासा मिळाला आणि कप्तानाच्या दंडावर घाव बसला. मग मी सुटलेच. त्याच्या मिशीची, त्याच्या बोटीची, त्याच्या बोट लागण्याची काळजीने चौकशी करत मी त्याला पुलाच्या कठड्यापर्यंत रेटलं. पुढचा टोमणा जुळवायला मी जरा थांबले, तेवढ्यात तो म्हणाला, "चालू द्या बाईसाहेब तुमचं. तवर मी मळ्यात जाऊन शेवंती तोडून येतो."

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि तिथेच फसले.

"आरमाराच्या कप्तानाला मळा कुठला?" मी भांडले.

"टोमण्याला पुरावा लागत नाही," दादा म्हणाला.

कप्तानाने फासे टाकले. एकजात मोठे पडले. माझी बाई कठड्यावरून थेट नदीत गेली.

चहा अजून उकळतच होता. बारीक नियम जिंकले, कोष्टकवाल्यानेसुद्धा हात वर केला. ज्या नियमांसाठी मी एवढी भांडले, त्यांनीच तिला मारलं होतं. मला खरोखरच रडू येत होतं आणि त्या तिघांसमोर मुळीच रडायचं नव्हतं.

दादाने छापील पानं चाळली. "मरणाऱ्याला शेवटचा एक टोमणा मारता येतो, असं दिलंय इथे. बोल."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं, पण काही म्हणजे काही सुचेना. माझा आवाज येईना म्हणून हातात सांडशी तशीच धरून आई स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काय गं, बरं नाही का वाटत?"