गीताबाईंच्या कंबरेला सहा कप

अर्धी मुकुंदवाडी गीताबाईंनी तेल चोळून मोठी केली होती. एखादा दाढीवाला गडी गाडी थांबवून "जय भीम, मावशी" म्हणायचा. गीताबाई लगेच शेजारणीला सांगायच्या, "हा लई रडका होता. अंगावर पाणी पडलं की काळानिळा व्हायचा." गडी मान खाली घालून गाडी दामटायचा.

बाळ-बाळंतिणीची मालीश हा त्यांचा धंदा. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ पायांवर उपडं घ्यायचं आणि वाकायचं. आधी तेल, मग टाळू भरायची, मग कढत पाणी, शेवटी धुरी. तेल, पाट, जुनेराची फडकी, सगळं घरच्यांनी काढून ठेवायचं. मालीशवाली फक्त हात घेऊन येणार. रीतच तशी होती. कुणी विचारलंच तर गीताबाई दोन्ही पंजे दाखवायच्या. "माझं सामान हे."

असं वाकून वाकून त्यांची कंबर गेली. गेली म्हणजे कायमचीच. कित्येक वर्षं ती दुखत होती. सकाळी उठताना त्या आधी कुशीवर वळायच्या, मग खाटेचा खूर धरायच्या, मग खाटेला शिव्या द्यायच्या. पण स्वतःच्या पाठीला कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. कुणाचाच हात त्यांना पसंत नव्हता. एकीचा हात खरखरीत, दुसरीचा थंड, तिसरी म्हणे चोळताना नुसती बोलत बसते.

मग सुलेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सुलेखा ही त्यांची एकुलती लेक. गीताबाईंचा आनंद घरात मावेना. तीन दिवस त्या मऊ लुगडी फाडून दुपटी शिवत होत्या. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली भागूबाई आली. तीही मालीशवाली. दोघींची मैत्री जुनी आणि भांडण त्याहून जुनं.

"गीते, नातवंडाला मीच न्हाऊ घालते बघ. तू खुर्चीवर बसून ऱ्हा."

"तू? तुझ्या हातानं कढया घासाव्यात."

"बरं बाई. मग दाखव पाटावर बसून."

भागूबाई हसत हसत निघून गेली. गीताबाईंनी दार लावलं. न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले, पायांवर उशी घेतली आणि वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या. सुलेखा आत आली तेव्हा आई नळाला धरून उठायचा प्रयत्न करत होती. उशी भिजली होती.

"आई!"

"काय नाय. उशीला आंघोळ घालत होते."

हसता हसता सुलेखाचे डोळे भरले. गीताबाईंना मात्र हसू आलं नाही. लोकांची शेकडो लेकरं या पायांवर न्हाली होती. आता घरचंच लेकरू भागूबाईच्या पायांवर जाणार होतं.

सुलेखानं विशाखाला फोन लावला. विशाखा तिची शाळेतली मैत्रीण. ती आता फिजिओथेरपिस्ट होती, सिडकोत तिची उपचारांची खोली होती. लहानपणी तिची टाळूही गीताबाईंनीच भरलेली. डॉक्टरांनी आधी काढलेला कंबरेचा फोटो सुलेखानं तिला पाठवला. हाडात दोष नव्हता, स्नायू आखडले होते. "मावशींना उद्या पाठव," विशाखा म्हणाली. "पाठ मोकळी करते. सहा कप लागतील."

दुसऱ्या दिवशी गीताबाई मोठी पिशवी घेऊन पोचल्या. टेबलावर त्यांनी एकेक वस्तू मांडली. लसूण-ओवा घालून कढवलेलं तेल. जुनेराची फडकी. एक पाट. आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेले, सोनेरी काठाचे, कान असलेले, चहाचे सहा कप.

विशाखा बघतच राहिली. "मावशी, हे काय?"

"तूच म्हणालीस ना सहा कप लागतील? शोकेसमधले आणलेत. बशा नाय आणल्या. बशा लागतात का?"

विशाखा खुर्चीवर बसली. मग टेबलावर डोकं ठेवून हसली. गीताबाई आधी रागावल्या. मग विशाखानं कपाटातून काचेसारखे पारदर्शक, बिनकानाचे कप काढले, एक स्वतःच्या दंडाला लावला आणि हातपंपानं हवा ओढली. कातडी कपात पुरीसारखी फुगली. गीताबाई वाकून बघू लागल्या, कंबर आठवली आणि सरळ झाल्या.

"अगं, ह्या तर तुंबड्या!"

"तुम्हाला ठाऊक आहेत?"

"पैठणच्या जत्रंत बाया शिंग लावायच्या. माझ्या आईनं लावून घेतलेलं."

"बरं वाटलं होतं?"

"नाचली नाय. पण घरी चालत आली."

गीताबाई मालीशच्या उंच पलंगावर पालथ्या झाल्या. तेल त्यांचंच वापरायचं ठरलं, त्यावर तडजोड नव्हती. विशाखानं चोळायला सुरुवात केली आणि खालून आवाज आला.

"अंगठा नको टोचू. तळवा टाक."

"बरं."

"खालून वर जा. कणीक मळतीस का?"

"मावशी, मी पदवी घेतलीय याची."

"घेतली असंल. तुझ्या ढुंगणाला पावडर मीच लावलीय."

विशाखानं कंबरेच्या बाजूला एका जागी तळवा दाबून धरला. गीताबाईंनी पलंगाची कड धरली. मग म्हणाल्या, "हां. तिथंच हाय मेलं." कप लागले, तसा खोलीत एक नवा आवाज सुरू झाला. गीताबाई घोरत होत्या. जागं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोण घोरत होतं गं?"

मग त्या दर आठवड्याला जाऊ लागल्या. पाठीवर जांभळी वर्तुळं उठली. नळावर भागूबाईला ती ब्लाउज आणि लुगड्याच्या मधून दिसली. "गीते, वांगी लावलीस का पाठीत?"

"तुझ्या डोळ्यात मिरच्या लागू दे."

कंबर हलकी होत होती, पण विशाखा खोटं बोलत नव्हती. "कपांनी आराम पडतो, मावशी. टिकायचा असेल तर व्यायाम करा. आणि पाय लांब करून वाकणं बंद."

"मग लेकरू कसं न्हाऊ घालू?"

"टबात."

"टबात कपडे भिजवतात."

मग विशाखानं जमिनीवर बसून स्वतःच पाय लांब केले. "दाखवा. नेमकं कुठं वाकता?" गीताबाईंनी तिच्या पायांवर टॉवेलचं बाळ ठेवलं. दोघींनी ते वर-खाली करून पाहिलं. सगळा घोळ उंचीचा होता. एकावर एक दोन पाट ठेवले, गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी सरकवली, पाठ भिंतीला टेकवली, की बाळच हातांपाशी येत होतं. वाकायचं कारण उरत नव्हतं.

"आजवर असं का नाय केलं मी?" गीताबाईंनी विचारलं. त्यांना उत्तर नको होतं. त्या कौतुकानं घोंगडीकडे बघत होत्या.

सुलेखाला मुलगी झाली. घरी आल्यावर पहिल्या आंघोळीला न्हाणीत गर्दी झाली. पाणी द्यायला भागूबाई बादलीपाशी बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. विशाखा दाराशी उभी होती. सुलेखानं बाळ आणून पायांवर ठेवलं.

तेलाचा पहिला हात फिरला. बाळानं किंकाळी फोडली. गीताबाईंचा चेहरा उजळला. "रड, रड. छाती मोकळी होऊ दे." भिंतीला टेकून त्यांनी पाठ चोळली, पाय चोळले, टाळू भरली. भागूबाई तांब्यानं पाणी घालत राहिली. पाणी उतरत्या पायांवरून झरझर वाहून गेलं.

"पाणी बी छान वाहतंय गं असं," भागूबाई म्हणाली. "मी पण दोन पाट घेते उद्यापासून."

"घे की. पण माझं नाव सांग."

बाळ दुपट्यात गुंडाळून सुलेखाच्या हाती गेलं. आता उठायचं होतं. विशाखा पुढं झाली. गीताबाईंनी तिला हातानंच थांबवलं, पण नळाकडे हात नेला नाही. तेलानं माखलेले दोन्ही पंजे त्यांनी भागूबाईपुढं केले.

"ओढ. आन् सावकाश ओढ, भागे. उद्या परत घालायचीय आंघोळ."