वांग्यांच्या दोन ढिगांचा कौल

अख्ख्या वऱ्हाडात लोकांच्या मनातले ओळखणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो शेलूबाजारच्या आठवडी बाजारात वांगी विकत असे. त्यांचा मळा आमच्या शेताला लागून, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वाशीमला बी.ए.ला होतो. विधानसभेच्या निवडणुकीआधी आमच्या प्राध्यापकांनी छापील फॉर्म देऊन आम्हाला जनमत घ्यायला धाडले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे ते फॉर्म मी देवाच्या पोथीसारखे जपून नेले. बाजारभर फिरलो. ज्याला विचारावे तो हात जोडून म्हणे, "तुमी म्हनान त्याले देऊ, साहेब." काका हसता हसता वांग्यांवर कोसळायचे तेवढे राहिले. म्हणाले, "तोंडाले काय इचारतं बाप्पा? हाताले इचार."

काकांची रीत अशी. एकाच वाफ्यातली, एकाच सकाळी तोडलेली वांगी ते दोन सारख्या ढिगांत मांडत. "हे या पक्षाच्या मानसाच्या वावरातले, ते त्या पक्षाच्या," एवढे सांगून विडी पेटवत आणि गिऱ्हाइकाचा हात कुठे जातो ते बघत बसत. तोंडाने एकाचा जयजयकार करणारे पुढारी बेलाशक दुसऱ्याच्या ढिगातली वांगी पिशवीत भरत. एका बाईने दोन्हीकडची सारखी घेतली, तर काका माझ्या कानाशी लागले, "नवरा तिकडचा हाये, बाई इकडची. भाजी एकच होईन, मत नाई." इंझोरीचा एक म्हातारा वांगी नेऊन तासाभराने बदलायला आला. काकांनी ती बदलून दिली आणि मला म्हणाले, "हवा फिरून राह्यली." एका आजीने कंबरेवर हात ठेवून फर्मावले, "ज्या पक्षाचं किडकं नाई ते दे." काका गंभीरपणे म्हणाले, "मंग आज कोथिंबीर घेऊन जाय, माय."

निकाल लागला तेव्हा माझे फॉर्म साफ चुकले होते आणि वांगी बरोबर निघाली होती. तेव्हापासून उमेदवार भाजी घेण्याच्या निमित्ताने काकांपुढे उकिडवे बसू लागले. काका कोणालाच भीक घालत नसत. "वांगं खोटं बोलत नाई," हा त्यांचा बाणा.

पुढे पंचायत समितीच्या निवडणुकीत बाजारपेठेतले कापडाचे शेठजी उभे राहिले. काकांचे बालमित्र. जैन असल्यामुळे वांगे त्यांच्या घरात जात नसे, पण दर बाजारी ते काकांशेजारी येऊन बसत. ते म्हणाले, "भाऊ, फॉरम मागं घ्याचा उद्या शेवटचा दिवस हाये. हरनार असन तर तोंडावर सांग. उगाच हसू नको करू माह्यं."

त्या दिवशी समोरच्या उमेदवाराचा ढीग दुपारीच तळाला गेला. शेठजींचा जसाच्या तसा. काका दर घटकेला त्याच्याकडे बघत आणि विडी विझवत. उन्हे कलली आणि कापडाच्या दुकानाकडून शेठजी येताना दिसले, तेव्हा मी जन्मात पाहिले नव्हते ते पाहिले. काकांनी दोन्ही हातांनी मित्राचा ढीग उपसला आणि गोणपाटाखाली लोटला.

"निंगून गेले सारे," काका म्हणाले. शेठजी निवडणुकीला उभेच राहिले आणि सपशेल आपटले.

निकालानंतरच्या बाजारी काका मान वर करत नव्हते. शेठजी आले, नेहमीच्या जागी टेकले. काकाच म्हणाले, "म्या खोटं सांगतलं, शेठ."

"मले दिसत होतं. गोणपाट फुगलं होतं तुह्यं."

"मंग काहून उभा राह्यला?"

"अख्ख्या बाजारात एक मानूस मले निवडून द्याले निंगाला होता. त्याले पाडू कसा?"

काकांनी विडी चाचपली, पेटवली नाही. तेवढ्यात एक बाई आली. दोन्ही ढिगांकडे बघत तिने सवयीने विचारले, "आज कोनाचे हायेत, भाऊ?"

काकांनी दोन्ही ढीग हाताने एकात सारले. "माह्याच वावरातले हायेत, बाई," ते म्हणाले. "पयलेपासून माह्याच."

त्यानंतर आमच्या भागात लोकांच्या मनात काय आहे, ते निकालाच्या दिवशीच कळू लागले.