गुरुवारी दार उघडंच राहील

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं आहे की आजी हट्टी झाली आहे. असेलही. पण हट्टाची गोष्ट अर्धवट कानावर गेली की ते म्हातारपणाचं लक्षण वाटतं, म्हणून मी ती पहिल्यापासून नीट लिहून पाठवते. जन्मभर मी इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण प्रार्थना मी मराठीतच करते आणि ही गोष्ट प्रार्थनेची आहे. वाचायला वेळ लागला तर लागू द्या.

गेल्या हिवाळ्यात काही दिवस असे गेले की मला प्रभूचा राग आला होता. लोक अशा वेळी शंका आली असं म्हणतात. तो शब्द सभ्य आहे. मला आला तो रागच होता. सकाळी डोळे मिटून बसायचे आणि मनात एकच वाक्य यायचं: तू बघतो आहेस ना, मग बोलत का नाहीस? यापलीकडे प्रार्थना जात नसे. मी तशीच उठून चहा ठेवायचे.

झालं होतं ते असं. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आपल्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना होते, तुमचे आजोबा होते तेव्हापासून. आमच्या चर्चच्या मंडळीतली जवळपासची घरं येतात, पेटी वाजते, बायबलमधलं वचन वाचतात, आजारी माणसांसाठी प्रार्थना होते. शेजारच्या शोभाताई पण येतात. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत, त्यांच्या घरी गणपती बसतो आणि महालक्ष्म्याही. अर्धशिशीने त्यांचं डोकं फार दुखतं, आणि मंडळीच्या पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली की त्यांना बरं वाटतं. एवढंच कारण. मी कधी जास्त विचारलं नाही, त्यांनी कधी जास्त सांगितलं नाही.

पीक हाती आलं की आपल्याकडे हंगामाची उपकारस्तुती असते, हे तुम्ही लहानपणी सुट्टीत आलात तेव्हा पाहिलं आहे. यंदा देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, छपराचं काम निघालं होतं, म्हणून ती आपल्या अंगणात झाली. कोणी तुरीच्या शेंगा आणल्या, कोणी संत्री, कोणी घरच्या कोंबडीची अंडी. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी शोभाताईंसाठी नेहमीसारखी प्रार्थना केली, मग लिलाव. ज्याने बोली जिंकली तो पैसे देतो आणि वस्तू पुन्हा समोर आणून ठेवतो, की परत बोली लागते. एकेक भोपळा असा तीन-तीनदा विकला जातो आणि मंडळीच्या कामाला पैसा जमतो. शोभाताईंचे यजमान पुरुषोत्तमभाऊ दरवर्षी हौसेने बोलीला उभे राहतात. यंदा एका लाल भोपळ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या कोहळ्यावर, ते आणि पाळकसाहेबांची सासू यांची अशी जुंपली की सगळं अंगण हसत होतं. "मावशी, तुमी कितीबी चढवा, हे कोहळं आज माह्या घरी चाललं," म्हणत त्यांनी नोटा पाळकसाहेबांच्या हातात ठेवल्या, आणि भोपळा उचलून पुन्हा टेबलावर ठेवला. म्हणाले, "घ्या, लावा पुन्हा."

दोन दिवसांनी कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. अर्ध्या मिनिटाचा. आपलं निळं फाटक, मग पाळकसाहेबांचा हात शोभाताईंच्या डोक्यावर, मग एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या नोटा. भोपळा कापून टाकलेला, हसणं कापून टाकलेलं, चेहरे नाहीत, आवाजाच्या जागी ढोल. वर लिहिलं होतं की सिंदी मेघेत पैसे वाटून धर्म बदलवणं चालू आहे, जागे व्हा. संध्याकाळपर्यंत तो पुलगावला पोचला, आर्वीला पोचला. तुमच्या बाबाने तो कॅनडात पाहिला तेव्हा मी अजून पाहिला नव्हता, भाजी निवडत होते.

मी फोनला शिव्या देणाऱ्यांतली नाही. तुमचे दात पडलेले आणि आलेले मी याच काचेवर पाहिले, त्यासाठी मी देवाचे आभार मानते आणि मनापासून मानते. पण ज्या वस्तूने दूरचं माणूस जवळ येतं, तिनेच भिंतीपलीकडचा माणूस एका दिवसात परका होतो, हे मी या वयात शिकले. ज्यांच्या मुलांना मी फुकट व्याकरण शिकवलं त्यांनी त्या व्हिडिओखाली पसंतीचे अंगठे टाकले. पुरुषोत्तमभाऊंनी काहीच लिहिलं नाही. त्यांचा पुतण्या पक्षाचं काम करतो, वॉर्डाची निवडणूक तोंडावर होती आणि तो तिला उभा होता. व्हिडिओत नोटा देणाऱ्या हातातली खड्याची अंगठी कोणाची आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प होते.

राजकारणाबद्दल माझं म्हणणं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारलं होतं. माझ्या आजोबांची कबर इथे वर्ध्यात आहे. मतदानाच्या रांगेत मी प्रत्येक वेळी उभी राहिले, ऊन असो की गुडघा दुखो. कोणाला मत दिलं ते तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. या गावाची पाहुणी म्हणून मी राहत नाही, आणि मला कोणी सांभाळून घ्यावं अशी माझी विनंतीही नाही. मी इथली आहे. हे कोणाला पटवून देण्याचं काम माझं नाही.

पाळकसाहेबांविरुद्ध ठाण्यात तक्रार गेली. ते तरुण आहेत, मुलं लहान आहेत. चौकशी होईपर्यंत घरी जमू नका असं त्यांना कोणीतरी सुचवलं, आणि मंडळीने ठरवलं की गुरुवारची प्रार्थना फोनवर करायची. तुमचा बाबा खूश झाला. म्हणाला, "आई, हे बरं आहे. दार लाव, पडदे ओढ, आणि गाणं जरा हळू."

फोनवरची ती प्रार्थना मी एकदा केली. आमचं गाणं म्हणजे पेटीच्या मागे सगळ्यांनी धावायचं, आणि फोनवर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचतो, त्यामुळे चांगलाच गोंधळ झाला. मग सूचना आली की गाणाऱ्याशिवाय सगळ्यांनी आपापला आवाज बंद ठेवावा. मी बंद खोलीत, ओढलेल्या पडद्याआड, एकटीच गात बसले. समोर चौकोनांत माझी माणसं ओठ हलवत होती. आभाराचं गीत होतं आणि कोणालाच कोणाचं ऐकू जात नव्हतं. दुसऱ्या कडव्यात मी थांबले. त्या वेळी जो राग आला तो व्हिडिओ करणाऱ्यांवर नव्हता. मी प्रभूला म्हटलं, इतकं घाबरून तुझं नाव घ्यायचं असेल तर मी घेत नाही. घेईन तर दार उघडून घेईन. पुढचं तू बघ. मला पुढचं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना कळवलं की येत्या गुरुवारी मी व्हरांड्यात बसणार.

"बाई, एकट्या बसू नका. मी येतो."

"तुम्ही येणार नाही. तक्रार तुमच्या नावाची आहे. मला काय करणार आहेत? तुरुंगात गुडघ्याची गोळी वेळेवर मिळाली म्हणजे झालं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मला माझीच लाज वाटते." मी म्हटलं, लाजू नका, प्रार्थना करा.

गुरुवारी दुपारीच झाडून घेतलं, सतरंज्या अंथरल्या, पेटी व्हरांड्यात आणवली, इस्त्रीची पांढरी साडी नेसले. फाटक पूर्ण उघडलं आणि त्याला वीट लावली, वाऱ्याने मिटू नये म्हणून. कोणी आलं नाही. रस्त्यावरून ओळखीचे लोक गेले, फाटकाशी आल्यावर त्यांना पलीकडच्या बाजूला काहीतरी पाहायचं होतं. मी गायला सुरुवात केली. बोटं आखडलेली, आवाज फाटलेला. तुमच्या आजोबांनी कान झाकून घेतले असते.

मग मोटारसायकली आल्या. चार मुलगे, वीस-बावीस वर्षांचे, एकाने काळा टी-शर्ट घातलेला, आणि फाटकातूनच फोन माझ्याकडे धरलेला.

"काय चालू हाये, आजी?"

"प्रार्थना. बसायचं असेल तर चपला बाहेर काढा."

"किती लोक आणले आज?"

"मोजून घ्या. आणि काढताय तर सगळं काढा. मागच्या वेळी अर्धंच दाखवलं तुम्ही."

एकजण हसला, काळ्या टी-शर्टवाल्याने त्याच्याकडे पाहिलं तसा थांबला. मी पुन्हा पेटीवर हात ठेवला. तेवढ्यात त्या मुलांच्या मधून वाट काढत एक बाई आत आली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, नऊवारीला धूळ लागलेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने घराकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं.

"हे मोबाईलमधलं घर हाय ना, बाई? निळं फाटक?"

मी हो म्हटलं.

"मी आष्टीकडून आली. पोरगी इथं दवाखान्यात हाये, उद्या मोठं ऑपरेशन हाये तिचं. माह्या भाच्यानं तो व्हिडिओ दाखवला, पाह्य म्हने काय चालू हाये तिकडं. मले त्यात फक्त ते डोक्श्यावर हात ठेवणं दिसलं. तसा हात ठेवता काय? पोरीसाठी देवाले मांगाचं हाये."

नातवंडांनो, मी पाळक नाही. आणि समोर फोन धरलेला होता. माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं, जे तुमच्या मनात आता येत असेल: ही बाई त्यांनीच पाठवली असेल. तिच्या डोक्यावर हात ठेवला की त्यांना हवा तो पुरावा मिळणार होता, पाळकसाहेबांच्या तक्रारीला जोड मिळणार होती. एक क्षण मी हात पेटीवरच ठेवला. ती बाई तोवर सतरंजीवर बसली होती आणि तिने पदर डोक्यावरून घेतला होता.

"एक सांगून ठेवतो, बाई," ती म्हणाली, "मी माह्या देवीचीच हाव. ते सोडून येईन असं नाई होणार. चालते काय तुमच्या देवाले?"

मला वाटतं याच वाक्याने माझा हात सुटला. मी म्हटलं, "चालतं. मुलीचं नाव सांगा." तिने सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी प्रार्थना केली. त्या मुलीसाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी, या आईच्या झोपेसाठी. आणि मग, मी आधी ठरवलेलं नसताना, फाटकात उभ्या असलेल्या त्या चौघांच्या आयांसाठी. शब्द मी शोधले नाहीत.

डोळे उघडले तेव्हा शोभाताई माझ्याशेजारी बसल्या होत्या. हाताला कणीक लागलेली तशीच. त्यांनी त्या बाईचा हात धरला आणि भिंतीपलीकडे पाहून म्हणाल्या, "तिथं काऊन उभे राह्यले? साऱ्या गावाले तुमचा हात दिसला, आता तोंडबी दाखवा."

पुरुषोत्तमभाऊ आले. सावकाश, पायजम्याला हात पुसत. काळ्या टी-शर्टवाल्याच्या फोनसमोर त्यांनी आपली अंगठी धरली. "ओळखली काय? व्हिडिओत हाच हात हाये. नोटा मी देल्या, मले कोनी नाई देल्या. कोहळ्याचे पैसे होते ते. टाक हे ग्रुपवर."

"काका, तुमी यात पडू नका."

"पडलोच हाव मी. पह्यल्या दिवसापासून. बोललो नवतो, एवढंच." मग त्या आष्टीकडच्या बाईकडे वळून म्हणाले, "ताई, तुमाले कोनी काही देलं काय इथं यायले?"

"देते काय कोनी? बसचं तिकीट मीच काढलं," ती म्हणाली, आणि शोभाताई हसल्या. त्या मुलांतला मघाचा एक पुन्हा हसला. काही वेळाने मोटारसायकली निघून गेल्या. जाताना त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, क्षमाही मागितली नाही. त्या संध्याकाळचा व्हिडिओ त्यांनी कुठेच टाकला नाही.

यात चमत्कार कोणता आणि योगायोग कोणता हे मी तुम्हाला समजावणार नाही, मला ते येतही नाही. मला इतकंच माहीत आहे की जो व्हिडिओ आमचं दार बंद करायला केला होता, तोच एका आईला आष्टीहून माझ्या सतरंजीपर्यंत घेऊन आला, आणि हे मी ठरवलं नव्हतं, त्यांनीही ठरवलं नव्हतं. तिच्या मुलीचं ऑपरेशन पार पडलं. बरी होते आहे, अजून पूर्ण नाही. आई अधूनमधून फोन करते आणि बहुतेक वेळा कापसाबद्दल बोलते.

पाळकसाहेबांवरची तक्रार अजून तशीच आहे. ते मात्र पुढच्याच गुरुवारी बायको-मुलांसकट येऊन पुढे बसले, आणि त्यांच्यामागून बाकीचे. सगळे नाहीत. पुरुषोत्तमभाऊंचा पुतण्या निवडणुकीत पडला आणि ते खापर काहीजण आमच्या अंगणावर फोडतात. रोज संध्याकाळी मला धीर असतोच असं समजू नका. शरण जाणं मी ज्या दिवशी शिकले असं वाटतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकावं लागतं. मी माणसांपुढे मान खाली घालायला तयार नाही, ती कोणापुढे घालायची हे एकदा ठरलं की बाकीचं जड जात नाही.

गेल्या आठवड्यात मला ठाण्यात बोलावलं होतं. साहेब तरुण होते, नीट बोलले, मला खुर्ची दिली. म्हणाले, "आजी, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की गुरुवारी बाहेरचा कोणी माणूस तुमच्या घरी येणार नाही. तुमचाही त्रास मिटेल, आमचाही."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, खोटं लिहून देणं मला जमणार नाही. माझ्याकडे कोण येणार हे मला आधी कळत नाही. बोलावणारा दुसरा आहे, मी फक्त सतरंजी घालते."

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि चहा मागवला. चहा घेऊन मी रिक्षाने घरी आले. गुरुवारच होता. प्रभूचे आभार मानले, आणि अंगण झाडायला घेतलं.