ऑब्री टिंडलची चार वाक्यं

लंडनबाहेरच्या त्या स्टुडिओत सकाळपासून ऑब्री टिंडल चौथ्यांदा खुर्चीतून उठला.

"लघवीला जाऊन येतो."

"अहो, आत्ताच आलात की," दिग्दर्शक डंकन म्हणाला. "चहा कमी प्या जरा."

ऑब्री बसला. गुडघा मात्र हलायचा थांबेना.

एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस पंचावन्न वर्षं सिनेमांत होता. बटलर झाला, बिशप झाला, तीनदा जर्मन अधिकारी झाला आणि तिन्ही वेळा पहिल्या अर्ध्या तासात मेला. रबरी कातडं चढवून तळ्यातला राक्षसही झाला. तेव्हा नेरिस नावाची सात वर्षांची मुलगी घाबरून आपलं वाक्य विसरली, तर याने राक्षसाच्या जबड्यातूनच ते तिला हळूच सांगितलं. नायक मात्र तो कधीच झाला नाही. त्याचं काही वाटत नाही, असं तो सांगायचा. साफ खोटं. वाटायचं, आणि खूप वाटायचं.

तीच नेरिस आज सत्तेचाळिसाव्या वर्षी या सिनेमात त्याची मुलगी झाली होती. वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसलेल्या बापाला ती सांगायला येते, घर विकलं. त्यावर बापाची चार वाक्यं. फक्त चार! पण वर्षभर ऑब्रीच्या डोक्यात शब्द टिकत नव्हते. सकाळी पाठ असलेलं दुपारी गायब. हे कळलं की कारभार आटोपला. या धंद्यातली माणसं सभ्य असतात, तोंडावर कोणी काही बोलत नाही. फोन येणं तेवढं बंद होतं.

म्हणून त्याने दृश्यात हातात धरायच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने चारही वाक्यं लिहून ठेवली होती. तेवढ्यात मॉइरा आली. आधीच्या शॉटमधली प्रत्येक वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशीच आहे ना, हे बघणं तिचं काम.

"ऑब्री, सकाळी घोड्यांच्या शर्यतीचं पान वर होतं. हे कुठलं काढलंत?"

"जरा वाचत होतो."

"वाचायचं ते घरी. द्या इकडे."

तिने पेपर घेतला, कडेच्या अक्षरांकडे क्षणभर पाहिलं, शर्यतीचं पान वर असलेला दुसरा पेपर त्याच्या हातात ठेवला आणि निघून गेली. ऑब्री नव्या पेपरच्या रिकाम्या कडेकडे बघत राहिला. छातीत दुखतंय म्हणावं का? नको, डॉक्टरला बोलावतील.

आधी नेरिसचा चेहरा टिपायचा होता. अशा वेळी समोरच्या नटाने कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं द्यायची असतात. बरेच जण ती दुसऱ्या कोणावर सोपवून चहाला पळतात. ऑब्री आयुष्यात कधी पळाला नव्हता. आजही उभा राहिला, संहितेच्या पानावरून वाचत, मनात पुढच्या दहा मिनिटांना शिव्या देत.

"चला ऑब्री, आता तुम्ही!"

तो पुन्हा खिडकीपाशी खुर्चीत बसला आणि दिवे त्याच्याकडे वळले. पहिलं वाक्य कोणतं? घर... घराचं काहीतरी. त्याने मान वर केली. कॅमेऱ्याला खेटून नेरिस उभी होती आणि तिच्या निळ्या कोटावर, छातीशी, टाचणीने एक पुठ्ठा लावलेला होता. त्यावर चार वाक्यं. जाड काळी, मोठाली अक्षरं, मॉइराच्या हातची.

त्याचे कान लाजेने तापले. उठून सरळ घरी जावंसं वाटलं. पण कॅमेरा सुरू झाला होता.

"विकलंस? बरं केलंस. सफरचंदाचं झाड तेवढं तोडू देऊ नकोस, तुझ्या आईने लावलंय. जा आता, उशीर होईल तुला."

"कट!"

"कधी कळलं?" त्याने नेरिसला हळूच विचारलं.

"सोमवारीच, तालमीत."

"कोणाकोणाला?"

नेरिसने मागे पाहिलं. दिवेवाले घाईघाईने वायरी गुंडाळू लागले. डंकनने वहीत डोकं घातलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली.

मग डंकन खाकरला. "ऑब्री, अजून एकदा घेऊ या?"

ऑब्रीने रुमालाने नाक पुसलं. गुडघा हलायचा थांबला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तो म्हणाला,

"घेऊ की. पोरी, तो पुठ्ठा जरा वर लाव. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा लेकीच्या बटणांशी बोलतोय."