तिन्हीसांजेचे ताक

कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष पुनःपरीक्षेवाचून स्वीकारू नये, हे व्रत हिंगोलीच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविणाऱ्या मोहिनीताईंनी जन्मभर श्रद्धेने पाळले होते. तेच व्रत आता सिद्धेश्वरजवळच्या त्यांच्या सासरच्या गावाच्या मुळावर आले होते.

पूर्वी काही संशोधकांनी या गावात एक अनोळखी माणूस ताक मागायला दारोदार धाडला. लोक शेतातून परतलेले असावेत म्हणून वेळ तिन्हीसांजेची निवडली. बहुतेक दारांतून नकार आला, आणि येथे परक्याविषयी करुणा नाही, असे छापले गेले. ते पडताळण्यासाठी मोहिनीताईंचे सहकारी हरीश सर यांनी तोच प्रयोग त्याच वेळी केला. उत्तरही तेच आले. नव्या निबंधावर मोहिनीताईंचेही नाव येणार होते.

"दिवेलागणीला ताक बाहीर दिलं तर घरातली लक्ष्मी जाते, एवढंबी ठावं न्हाई?" सासूबाई कौशल्याबाई कडाडल्या. "शहरातली सून केली अन् गावाची आब्रू घालवून बसलो!"

संतापलेल्या मोहिनीताईंनी हरीश सरांना फोन लावून प्रयोग सकाळी करायला सांगितले.

"मॅडम, वेळ बदलली तर ती पुनरावृत्ती कसली?"

"नकार योगायोगाचा नव्हता, एवढंच तुमच्या पुनरावृत्तीनं सिद्ध केलं. तो कशापायी, हे तिला कुठं कळतं? चूक जशीच्या तशी पेरली की जशीच्या तशीच उगवते, सर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हरीश सरांच्या प्रयोगात ताक मागत फिरलेल्या शेषरावालाच पुन्हा गावात फिरविले. दारोदार ताक मिळाले. शेवटी तो कौशल्याबाईंच्या ओसरीशी आला; मोहिनीताई दारातच उभ्या होत्या.

"कोन्या गावचा रं बाबा?"

"गोरेगावचा, माय."

"आडनाव?"

त्याने सांगितले. कौशल्याबाईंनी भरलेला पेला मागे घेतला. "ओंजळ धर," म्हणत त्यांनी वरून धार सोडली.

मोहिनीताईंचे मस्तक पेटले. "आत्याबाई, पेला काहून मागं घेतला?"

"दिलं की ताक! आता काय आरती ओवाळू त्याची?"

"ऱ्हाऊ द्या मॅडम," शेषराव तोंड पुसत म्हणाला. "सांजचंच बरं व्हतं. समद्याहिला सारखंच न्हाई म्हनत व्हते."

 मोहिनीताईंनी पुन्हा हरीश सरांना फोन लावला.

"सर, निबंध थांबवा. सकाळचा प्रयोग परत करायचा, निरनिराळ्या आडनावांची माणसं पाठवून. आणि पहिलं दार आमचं."