कोठारातली तबल्याची जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! कर्जतच्या इंजिन-शेडमध्ये फिटर आहे मी. बिघाड झाला की कारण सापडतंच, असं मानणारा. हे एक मात्र अजून सापडलेलं नाही...

बाजारपेठेमागे भाताचं एक रिकामं कोठार होतं. ते सारवून आम्ही तिथे गाण्याच्या बैठका सुरू केल्या. चाळीस माणसं मांडीला मांडी लावून बसत. पुण्याला निघालेले गवई घाटाआधी इथे उतरायचे, दुपारी गायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं पुढे जायचे. पेटीवर मी, तबल्यावर माझा धाकटा भाऊ गणू.

एकोणीसशे अठरा सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अशीच एक बैठक ठरली होती. गणू म्हणाला, "दादा, आंग लय तापलंय रं. आज नाय बसवत."

"आरं, बुवा गाडीतनं उतरलेत. एवढी बैठक उरक, मग झोप."

तो बसला. तीन तास वाजवलं. मी त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

वर्षभरानं कोठार पुन्हा उघडलं. खालापूरचा महादू गणूच्या जागी तबल्याला बसला. पहिलं गाणं संपतंय तोच तो कुजबुजला, "मास्तर, मला ताप भरलाय." हात लावला तर चटका! श्रोत्यांत दवाखान्याचे कंपाउंडर होते. त्यांनी थर्मामीटर लावलं — एकशे तीन. त्याला बाहेर ओट्यावर नेलं... आणि दहा मिनिटांत अंग गार!

"सोंग करतोस काय रं?" मी ओरडलो. बिचारा परत आत येऊन बसला आणि परत तापला.

त्यानंतर दोघे तबलजी आले, दोघांचं तेच. तबल्याची जोडी नवी आणली, तरी तेच. मग तबल्याची जागा बदलू म्हटलं, तर कोणी तबलजी यायलाच तयार होईना. बैठका बंद पडल्या. किल्ली माझ्याकडे राहिली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी एकटाच जाऊन त्या जागी बसतो. गणूनं काय सोसलं ते मला एकदा तरी कळावं, एवढंच मागणं आहे. तीन-तीन तास बसतो. मधूनमधून कपाळाला हात लावून पाहतो.

परक्यांना ताप येतो आणि मला का येत नाही, कोणी सांगेल का? माझं कपाळ गारच असतं.